सोवानने बांधलेल्या तारा

अल बर्शा, दुबई
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दत्तारामदादास,
समिधाचा सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला तो रीत म्हणून. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून तुमच्या ड्रायव्हर तुकारामच्या पिकअपमधून हे पत्र अल क्वोजला पाठवते आहे.

काल तुमच्या वर्कशॉपमधून वीणा आली. प्रदर्शन वीस तारखेला. आमच्या म्युझियमच्या डायरेक्टरांसमोर पेटी उघडली, तर एकही तार नाही. तुमच्या फोरमनला विचारलं, तो म्हणाला दत्तारामनेच उतरवल्या. बहिणीचं काम नासवायला सख्खा भाऊच लागतो.

‘भारताची हरवलेली वीणा’ या माझ्या पाटीचा तुला राग आहे, हे ठाऊक आहे. पण खोटं काय त्यात? धनुष्यासारख्या मानेची ही वीणा भाज्याच्या लेण्यात कोरलेली आहे. आपल्याकडूनच ती समुद्रापार कंबोडियात गेली आणि आपल्याकडे बंद पडली. मी यावर पीएचडी केली आहे, तू रंधा मारतोस. येत्या रविवारपर्यंत तारा बांधून दे.

लोभाचं तारा आल्यावर बघू.

समिधा


अल क्वोज
११ नोव्हेंबर

चि. समिधास,
आशीर्वाद देणं भाग आहे, म्हणून देतो.

रंधा मारतो म्हणूनच सांगतो. आपण ती वीणा सोडून दिली. त्यांनी शेकडो वर्षं वाजवली, अंगकोरच्या देवळांवर वाजवणाऱ्यांसकट कोरली. मग त्यांच्याही हातून गेली, दगडात तेवढी उरली. हे मला तुझ्या पीएचडीतून कळलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर सोवान काम करतो, तिकडचाच, कंबोडियातला सुतार. त्याने सांगितलं.

शिल्पात मान दिसते, गाठ दिसत नाही. रेशमी तार मानेला कशी बांधली म्हणजे सुटणार नाही, हे त्याने आठ महिने शोधलं. दोनदा वीणेवर ताणलेलं कातडं फाटलं. एकदा माझ्याच हातून मान चिरली, तर त्याने पुन्हा नवं लाकूड घेतलं. आणि तुझ्या पाटीवर काय, तर ‘कारागीर : दत्ताराम’. त्याचं नाव नाही, त्याच्या देशाचंही नाही. विचारलं तर म्हणालीस की पाटी लहान आहे, दोन सुतार कशाला.

त्या गाठी त्याच्या होत्या, म्हणून सोडवल्या. पाटी बदल, नाहीतर मुकं लाकूड काचेत ठेव. खलास.

माया आटलेली नाही. पण सध्या ती मागायला येऊ नकोस.

दत्ताराम


अल बर्शा
२४ नोव्हेंबर

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

चौदा तारखेला तू साइटवर असशील अशी वेळ बघून मी वीणा घेऊन वर्कशॉपवर आले. भांडायच्या तयारीनेच. सोवानला हिंदीत सांगितलं की तारा बांधून हव्यात. त्याने पाटीचं काही विचारलं नाही. हात धुतले आणि कामाला बसला. तीन तास लागले.

शेवटची गाठ मारून त्याने एक तार छेडली, मग दुसरी. तेव्हा कळलं की त्याला वाजवता येत नाही. शिकवणारं कोणी भेटलंच नाही, म्हणाला. नुसता एकेक आवाज ऐकत राहिला. नाव नाही याचा राग नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, पाटी लिहिताना तुम्ही मला विचारलं नाही आणि तारा उतरवताना दत्तारामनेही नाही.

मी वीणा घेऊन मेट्रोत बसले.

डायरेक्टरांनी पाटी बदलायला नकार दिला. उद्घाटनाला मी लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सांगितलं की ही खमेर, म्हणजे कंबोडियाची वीणा आहे. भारतातून गेली असेल, पण जपली त्यांनी आणि पुन्हा उभी केली ती या सोवानने. त्याला पुढे बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो शर्टाची बाही ओढत उभा राहिला. आज मेल आला, डिसेंबरनंतर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. तुला समाधान वाटत असेल तर वाटू दे.

मी चुकले. पण तुलाही त्याच्यासाठी भांडायचं नव्हतं, माझ्याशी भांडायचं होतं. त्याच्या आठ महिन्यांच्या गाठी तू माझ्यावरच्या रागापायी सोडवल्यास. मी त्याची माफी मागितली. तुझी मागणार नाही. तू अजून त्याच्याशी यावर एक शब्दही बोलला नाहीस, असं कळलं.

आधी त्याच्याशी बोल. माझ्यावरच्या लोभाचं त्यानंतर लिही.

समिधा