हिच्या सायकलीचे ब्रेक

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हिचा फोन. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, आता नात बसायला लागली, तरी बायकोचा मुक्काम तिकडेच. म्हणाली, माझी सायकल पाठवून द्या, मुलीच्या ओळखीचा टेम्पोवाला आहे, तो घरून उचलेल.

लक्षण चांगलं आहे. कायमचं राहायचं असतं तर माणूस कपाट मागवतो, शिलाई मशीन मागवतो. सायकल म्हणजे तात्पुरती सोय.

खाली नेऊन एक चक्कर मारली. डिस्क ब्रेक आहेत. दाबले की असे किंचाळतात की वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. या अवस्थेत सायकल पाठवणं बेजबाबदारपणाचं ठरेल. निश्चय: सर्व्हिसिंग स्वतः करायची. मिक्सर, इस्त्री, गीझर यांची माहितीपुस्तकं मी लिहितो. उभं आयुष्य लोकांना यंत्रं समजावण्यात गेलं. दोन चाकं आणि दोन चकत्या, त्यात काय मोठंसं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ऑफिसात चष्मेवाल्याला बोललो. शेजारच्या टेबलावर बसतो, आमच्या पुस्तकांतली चित्रं काढतो. म्हणाला, दुकानात टाका, तासाभरात करून देतील. मी म्हणालो, दुकानात जाणारे लोक म्हणजे पुस्तक न वाचणारे लोक. त्यावर तो पुन्हा चित्राकडे वळला. पटलं असावं.

घरी येऊन लगेच कामाला लागलो. साधा नियम आहे, जे करकरतं त्याला तेल. बाथरूमच्या दाराला मारतो तोच स्प्रे डिस्कवर दोन्ही बाजूंनी सढळ हाताने मारला. आवाज शंभर टक्के बंद.

हिला सांगायला फोन केला. मुलीने उचलला. आई बाहेर गेलीय म्हणाली. कुठे ते विचारलं नाही. भाजी आणायला गेली असणार. निरोप ठेवला: ब्रेक झाले.

५ फेब्रुवारी, सकाळ

ब्रेक झाले नाहीत. आवाज गेला आणि जाताना ब्रेकलाही घेऊन गेला. फाटकाजवळच्या उतारावर दोन्ही लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबले, सायकल आपल्याच नादात चालत राहिली. शेवटी वॉचमनच्या खुर्चीने थांबवलं. वॉचमन खुर्चीत नव्हता, हे त्याचं नशीब. गुडघा सोलला.

सायकलीबरोबर आलेलं पुस्तक शोधून काढलं. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत: डिस्कला तेल लागू देऊ नका, बोटसुद्धा लावू नका. इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर छापली तर वाचणार कोण? पहिलं पान सगळेच उलटतात. ऑफिसात हा मुद्दा मांडायचा. आमचेही धोक्याचे इशारे पहिल्याच पानावर असतात. ते मीच लिहितो.

९ फेब्रुवारी, रविवार

केमिस्टकडून स्पिरिट आणून डिस्क पुसली. चाक काढलं. ब्रेक पॅड काढून सँडपेपरवर घासले, परत बसवले. इथपर्यंत सगळं व्यवस्थित. मग लिव्हर कसा लागतोय ते बघायला एकदा दाबला. चाक अजून बाहेरच होतं. दोन्ही पॅड एकमेकांना असे भिडले की मध्ये कागद जाईना. डिस्क आत जात नाही, त्यामुळे चाक बसत नाही.

इंटरनेटवर एक माणूस हे सगळं समजावून सांगतो. शांत आवाज. मध्ये मध्ये म्हणतो, काही हरकत नाही, असं सगळ्यांचंच होतं. दुपारी स्वयंपाक करताना व्हिडिओ चालू ठेवला. जेवतानाही. ब्रेकचा संपला, मग चेनचा लागला, मग टायरचा. बंद केला नाही. माहिती वाया जात नाही.

१२ फेब्रुवारी

हिचा फोन. टेम्पो शुक्रवारी निघतोय. मी म्हणालो, शुक्रवारी जमणार नाही, पुढचं चाक सुटं आहे, सेफ्टीचा प्रश्न आहे. मग म्हणाली, उघडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला. हात कापून घेईन या काळजीने बोलली. आवाजावरून कळतं.

नातीला दात आला का विचारायचं होतं. फोन ठेवल्यावर आठवलं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

दाराची बेल. डॉक्टरीणबाई. हिच्या सकाळच्या सायकल ग्रुपमधल्या. त्यांनी हिचा पंप नेलेला, तो परत द्यायला आल्या. चहा घेता का विचारलं, नको म्हणाल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, बरं झालं हो, तिला तिथे लायब्ररीत काम मिळालं. मुलांना गोष्टी वाचून दाखवते, फार रमलीय.

मी म्हणालो, हो ना.

मला माहीत होतं. म्हणजे हिने फोनवर सांगितलं असणार आणि मी ऐकलं असणार. फोनला तिकडे रेंज बरी नसते.

त्या गेल्यावर मोठा स्क्रूड्रायव्हर घालून पॅड फाकवले. एकाचा तुकडा पडला. नवे आणायचेच होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं. यावेळी खरंच झालं.

नवे पॅड. डिस्क स्पिरिटने पुन्हा स्वच्छ, तीही कोऱ्या फडक्याने. आतले पिस्टन प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू मागे ढकलले. कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्याचे, दोन बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरला, तसाच धरून बोल्ट आवळले. चाक फिरवलं. कुठेही घासत नाही. कान जवळ नेला तर नुसती हवा ऐकू येते. व्हिडिओतल्या माणसाला मी मोठ्याने थँक्यू म्हणालो.

नवे पॅड रुळायला थोडा वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावायचा, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणून तळ्याच्या रस्त्याला गेलो. तिथे सायकलवाल्यांचा घोळका चहाच्या टपरीपाशी थांबला होता. एकाने सायकल ओळखली. ही त्यांचीच ना, म्हणाला, आणि मी कोण ते न विचारताच माझ्या हातात चहा दिला. हिची चौकशी केली. सगळेच बोलायला लागले. ही उतारावर गाणी म्हणायची म्हणे. आणि नकला फार छान करायची. त्यातली एक म्हणजे एक गृहस्थ, गॅसवर दूध उतू जातंय आणि तो शेगडीचं पुस्तक वाचत उभा आहे. बंद कशी करावी हे पान शोधतोय. सगळे हसले. मीही हसलो.

कोण असेल तो? तिच्या ओळखीचे मला सगळेच ठाऊक नाहीत.

ही गाते हे मला नवीन होतं. पूर्वी मलाही चला म्हणायची. मी रविवारी येतो म्हणायचो. ऑफिसचं काम असायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो रद्द. स्वतःच घेऊन जायची. रेल्वेत लगेजच्या डब्यातून सायकल नेता येते, चौकशी केली. साहेबांकडे आठवड्याची रजा मागणार. हिला कळवायचं नाही. मी दारात सायकल घेऊन उभा, ही लिव्हर दाबून बघते, आवाज नाही. मग बाकीचं आपोआप होईल. येताना दोघं बरोबर येऊ. मी एक सेकंडहँड सायकल बघून ठेवलीय. रोज सकाळी जायचं. गाण्यांबद्दल आपण होऊन विचारायचं नाही, आपली आपण म्हणेल.

नातीसाठी खुळखुळा घ्यायचा.

१ मार्च, दुपार, मुलीकडे

पोचलो. जावईबापूंनी दार उघडलं. आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलगी नातीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, फोन तरी करायचा. आई इथे नाही राहत आता. मागच्या गल्लीत खोली घेतलीय तिने. तुम्हाला सांगितलं होतं आम्ही.

नात माझ्याकडे आली नाही. खुळखुळा घेतला.

संध्याकाळ

हिची खोली पहिल्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, खिडकीत तुळशीएवढं कसलंतरी रोप, भिंतीला टेकवून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. हिने केस कापलेत. मी खाली सायकल धरून उभा होतो. ती जिना उतरून आली, लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग बसली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. माझ्यासमोर ब्रेक लावला. अजिबात आवाज नाही.

म्हणाली, छान झालंय. कुणी केलं?

मी म्हणालो, मी.

माझ्या बोटांकडे पाहत राहिली. नखांत काळं अजून आहे. मग वर घेऊन गेली, चहा केला. एकच कप होता, स्वतः पेल्यात घेतला. म्हणाली, अहो, मी परत येणार नाहीये. भांडण नाही, राग नाही. तुम्हाला कळलंच असेल.

मी म्हणालो, हो, कळलंय.

कळलं नव्हतं. इथे लिहायला हरकत नाही.

मग तिला सांगितलं की डिस्क फक्त स्पिरिटने पुसायची, बोट लावायचं नाही. चाक बाहेर असताना लिव्हर दाबायचा नाही. पॅड पातळ झाले की लगेच बदलायचे, थांबायचं नाही. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग डोळे पुसले आणि म्हणाली, लक्षात ठेवीन.

उतरताना जिन्यापर्यंत आली. वेळेवर जेवा म्हणाली.

३ मार्च, सोमवार

काल परत आलो. आज ऑफिसला गेलो. साहेब म्हणाले, रजा आठवड्याची होती ना. म्हणालो, काम लवकर झालं. चष्मेवाल्याने ब्रेकचं विचारलं. उत्तम झाले म्हणालो. खरंच उत्तम झालेत.

संध्याकाळी गॅलरी धुतली. सायकल असायची ती जागा बरीच मोठी निघाली. बसायला करावी म्हटलं. आतून दोन खुर्च्या आणून मांडल्या. थोडा वेळ बसलो. समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, लोक कामावरून येत असतात.

मग एक खुर्ची उचलून परत आत ठेवली.