काकूंच्या दुखण्याला लावलेलं क्रियापद

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र लाल पेनाने तपासून परत येणार नाही याची खात्री आहे. नाहीतर तुम्हाला पत्र लिहायची माझी छाती झाली नसती. नववीत तुम्ही माझी इंग्रजीची वही सगळ्या वर्गासमोर उघडलीत, तो दिवस अजून जसाच्या तसा आठवतो. मी दोन भांडखोर शेजारणींची गोष्ट लिहिली होती. त्यात ‘सेड’ हा शब्द अकरा वेळा आला होता आणि अकराही ठिकाणी तुम्ही गोल केला होता. ‘अगं, या बाया भांडतायत ना? मग नुसत्या म्हणतायत काय? एखादी ओरडेल, एखादी टोमणा मारेल, एखादी कबूल करेल!’ वर्ग खो खो हसला. मी रडले नाही, चिडले. चिडले की मी अभ्यासाला बसते हे तुम्ही ओळखलं असणार, कारण रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत.

तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलेय आणि तुम्ही मेथी निवडताय. ‘दूध संपलं’ एवढं एकच वाक्य तुम्ही निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखवताय, आणि मला प्रत्येक वेळी नवं इंग्रजी क्रियापद द्यायचंय. तोंडातल्या तोंडात म्हणालात की ‘मटर्ड’. मान खाली घालून म्हणालात की ‘ॲडमिटेड’. मग तुम्ही कमरेवर हात ठेवून, पटत असेल तर घे अशा थाटात म्हणालात, आणि मला उत्तर येईना. ‘क्लेम्ड,’ तुम्हीच सांगितलंत. ‘म्हणजे ती म्हणते खरी, पण आपण अजून मानलेलं नाही.’ मेथीची जुडी संपेपर्यंत माझ्याकडे चोवीस शब्द जमले होते. आमच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मी रस्त्याने प्रत्येक माणसाच्या बोलण्याला एकेक शब्द लावत घरी गेले.

ते शब्द मी अमेरिकेपर्यंत आणले. शिकागोत डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घेताना माझे वरिष्ठ म्हणायचे, तुझ्या नोट्स वाचायला मजा येते. पेशंटला तपासलं की त्याने काय सांगितलं, काय आढळलं, हे सगळं लिहून ठेवावं लागतं, त्या या नोट्स. इथे पेशंट दारू पीत नाही असं लिहीत नाहीत, ‘डिनाइज’ लिहितात, म्हणजे नाकारतो. सिगारेट ओढतो म्हणाला तर ‘ॲडमिट्स’, म्हणजे कबूल करतो. बिचारा आलेला असतो डॉक्टरकडे, पोलीस चौकीत नाही. पण मला ते कधी खटकलं नाही. उलट इतक्या शब्दांची इथे गरज आहे आणि ते सगळे मला येतात, याचीच मला ऐट होती.

गेल्या हिवाळ्यात शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये एक काकू आल्या. मूळच्या नागपूरच्या, वय अडुसष्ट, मुलाकडे राहतात. ‘कंबर खूप दुखून राहिली आहे, डॉक्टर. दहापैकी आठ समजा.’ मी तपासलं, व्यायाम सांगितला आणि नोटमध्ये लिहिलं, पेशंट आठ दुखतं असं ‘क्लेम्स’. झोप लागत नाही असंही ‘क्लेम्स’. त्या शनिवारी दुखणं असह्य झालं तेव्हा मुलगा त्यांना इमर्जन्सीत घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरने माझी नोट वाचली, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. त्याला तरी काय दोष द्यायचा? ज्या डॉक्टरला काकूंची भाषा येते तिनेच मानलेलं नाही, तर त्याने का मानावं? एक्स-रे निघाला तो आणखी बारा दिवसांनी. मणका दबून मोडला होता. बारा दिवस त्या बाईने त्या मोडक्या पाठीनिशी काढले.

इथे पेशंटला आपल्या नोट्स कॉम्प्युटरवर वाचता येतात. मुलाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. ‘मॅडम, आईने विचारलं डॉक्टरने काय लिहिलंय, म्हणून मी पोर्टलवर नोट ओपन केली. क्लेम्सचं मराठीत काय सांगू तिला? यू टेल मी.’ मला मराठीत काय सांगायचं ते चांगलं माहीत होतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं तुमचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी म्हटलं, ती शाळेतली सवय आहे, एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा नाही अशी. त्याने ऐकून घेतलं.

पुढच्या वेळी काकू आल्या त्या कमरेला पट्टा बांधून, वॉकर धरून. पहिल्या भेटीत त्यांनी एका दुखण्याबरोबर सुनेची नोकरी, इथल्या वांग्यांची चव आणि नागपूरचं ऊन, सगळं ऐकवलं होतं. आता मी विचारलं, ‘काकू, आज कसं वाटतंय?’ तर त्यांनी मुलाकडे बोट केलं. ‘ह्याला विचारा. तो सांगते बरोबर.’ पुढची वीस मिनिटं मुलगा बोलला आणि त्या भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत बसल्या. बाई, मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पेशंट बोलतो त्यातच निम्मी तपासणी असते. माझ्यासमोर काकू गप्पच बसल्या तर त्यांचं पुढचं दुखणं मला कळणार कसं? मला त्यांचं ते सगळं पाल्हाळ परत हवंय आणि ते मी मिळवणार आहे.

नोट खोडता येत नाही, तिच्याखाली पुरवणी जोडता येते. ती मी जोडली: पेशंटने दुखतं असं सांगितलं होतं, ते खरं होतं, एक्स-रे तेव्हाच काढायला हवा होता. क्लिनिकमधला माझा जुना सहकारी मुंबईचा आहे. तो म्हणाला, ‘कशाला ॲड करतेस यार? उद्या एखादा लॉयर वाचेल.’ वाचू दे म्हटलं. हाताखालच्या तिघा डॉक्टरांनाही मी बजावलंय की यापुढे पेशंट फक्त ‘म्हणतो’. पानभर तोच शब्द आला तरी चालेल, कंटाळा आला तर पाणी पिऊन या. तुम्हाला हे आवडलं नसतं, पण मी मागे हटणार नाही.

इथवर लिहून वाचून पाहिलं, तर सगळं खापर तुमच्यावर फोडलंय. मुलाला फोनवर तेच सांगितलं, इथेही तेच लिहीत आले. पण बाई, ते खरं नाही. त्या पहिल्या दिवशी काकू हसत हसत आत आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, आणि माझ्यासाठी घरी केलेल्या चिवड्याचा डबा. दहापैकी आठ दुखत असेल तर माणूस ओट्याशी उभं राहून चिवडा कसा करेल, असं माझ्या मनात आलं आणि मग मी तो शब्द टाइप केला. सवयीने नव्हे, समजून उमजून. माझा त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता, आणि पुरवणीत हे कुठेही नाही. म्हणजे हे ज्यांना सांगायचं त्या तुम्ही नाही. काकू गुरुवारी येतील. मुलाला बाहेर बसवून मी त्यांना सरळ मराठीत सांगणार आहे की मला तुमचं खरं वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी तुमचा चिवडा मात्र मी दुपारीच संपवला.