ढवळ्या, पवळ्या आणि याडीचे पान

पुसद, मंगळवार

प्रिय सुनीलभिया,

तुला आणि पुष्पावहिनीला नमस्कार. (मोठ्या भावाला पत्रात ‘तुम्ही’ लिहावे असे मी शाळेत मुलांना शिकवते आणि स्वतः ‘तू’ लिहिते. यावर डायरीत अर्धे पान खर्च केले. निष्कर्ष निघाला नाही, म्हणून ‘तू’च ठेवले.) वहिनींची मान आता वळते का? तुझी कंबर कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहणाऱ्याची कंबर दुखणारच, असे बा सगळ्या तांड्याला सांगतात, आणि पुढे हेही सांगतात की त्यांनी जन्मभर बैलांचे दात फुकट पाहिले, पोरगा मात्र दात पाहायचे पैसे घेतो. इकडे बा ठीक, याडी ठीक, आणि माझ्या घरी संजयची शुगर संजयच्या म्हणण्याप्रमाणे ठीक.

फोन न करता पत्र का, असे विचारशील. फोनवर तू ‘बोल लवकर, पेशंट खुर्चीत हाय’ म्हणतोस, आणि मला जे सांगायचे आहे ते आ वासून पडलेल्या परक्या माणसाने ऐकावे असे नाही. व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतोस. या पत्राला अंगठा पाठवून भागणार नाही, म्हणून पोस्टाने.

विषय याडीच्या वेबसाइटचा. याडी आणि तांड्यातल्या तेरा बाया मिळून कशिदा करतात, झोळ्या, अभ्रे, आरशांची-कवड्यांची तोरणे, हे तुला माहीत आहे. तो माल एक दुकानदार घेऊन जातो आणि ‘पारंपरिक कला’ अशी चिठ्ठी लावून विकतो. चिठ्ठीवर करणारीचे नाव नसते. याडीला त्याचे काही वाटत असेल हे माझ्या कधी मनातच आले नाही (हा माझा दोष, मी विचारलेच नव्हते). मग नागपूरच्या एका हस्तकला प्रदर्शनाचा अर्ज आला. त्यात अट अशी, की गटाची वेबसाइट हवी आणि तिच्यावर प्रत्येक बाईचे पूर्ण नाव, फोटो आणि कामाचा नमुना हवा. मुदत गेल्या शनिवारी संध्याकाळी पाचची. मी अट वाचून दाखवली तेव्हा याडीने सुई थांबवली आणि विचारले, “माझं नाव? पुरं?” माझ्या सेहेचाळीस वर्षांत आईने माझ्याकडे काही मागितलेले मला आठवत नाही. मी म्हणाले, पुरं. हंसाबाई धनसिंग राठोड. शब्द देऊन टाकला. मला वेबसाइट बनवता येत नाही ही अडचण परतीच्या बसमध्ये लक्षात आली.

आता थोडे शास्त्र. हल्ली वेबसाइटचे पान ठोकळे रचून करतात. मथळ्याचा एक ठोकळा, फोटोचा एक, मजकुराचा एक. एडिटरसोबत साधे ठोकळे मिळतातच, पण त्यांवर कोणी समाधान मानत नाही. वरून एक प्लगिन चढवतात, म्हणजे जादा ठोकळ्यांचे गाठोडे. त्याला ब्लॉक लायब्ररी म्हणतात आणि अशी गाठोडी ढिगाने आहेत. मी तो ढीग दोनावर आणला आणि तिथे सतरा दिवस अडकले. डायरीत दोन रकाने आखले. तेरा मुद्दे एकाच्या बाजूने, तेरा दुसऱ्याच्या. सत्ताविसावा मुद्दा निर्णायक होता, पण तो मी उपाशीपोटी लिहिला होता, म्हणून बाद केला. मग लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने लिहिले होते की या प्लगिनने माझे आयुष्य बदलले, आणि पाच तारे दिले होते. दुसऱ्यानेही तेच लिहिले होते आणि एक तारा दिला होता. दोघांचेही दुःख-सुख खरे असणार. मग निवाडा मी कोण करणार?

शेवटी मुदतीआधीच्या रविवारी लॅपटॉप घेऊन तांड्यावर गेले आणि बांपुढे विषय ठेवला. (बोलणे अर्थात आपल्या बोलीत झाले. इथे वऱ्हाडीत उतरवते, कारण आपली बोली लिहायला बसले की कोणत्या अक्षराला काना द्यायचा यावर माझे माझ्याशीच भांडण होते.) दोन्ही प्लगिनची नावे इंग्रजी, ती बांच्या जिभेवर बसेनात. म्हणून त्यांनी जुन्याला ढवळ्या आणि नव्याला पवळ्या म्हटले आणि बाजारात बसल्यासारखी मांडी घातली.

“दात सांग.” म्हणजे वय. ढवळ्या नऊ वर्षांचा, पवळ्या दीड. “एक म्हातारा अन् एक वासरू. खाते किती?” म्हणजे पान उघडायला किती वेळ लागतो. याडीच्या फोनवर लावून दाखवले. ढवळ्याचे पान उघडेपर्यंत बांची तंबाखू मळून, झाडून, ओठाखाली गेली होती. पवळ्याच्या वेळी मळणे निम्म्यावर होते. “हा पयते,” बा म्हणाले, “पण उधळन. मालक कोन हाय?” ढवळ्याची कंपनी तीनदा विकली गेलेली, पवळ्याचा मालक दूर देशातला एकटाच माणूस, आणि त्याने पाच महिन्यांत काही सुधारणा केलेली नाही. “पाच महिने गोठ्यात आला नाई? अन् पोळ्याले?” मी म्हणाले, त्यांच्याकडे पोळा नसतो. बांना ते पटले नाही. मग विचारले, फुकट कायले देते? मी सांगितले की साधे ठोकळे फुकट आहेत, पण चांगल्या ठोकळ्यांना कुलूप आहे, ते पैसे भरले की उघडते. बा बराच वेळ हसले. “म्हंजे बैल फुकट, शिंगं इकत.”

भिया, मी सतरा दिवस जे शोधत होते ते सगळे प्रश्न बांनी एका तंबाखूत विचारले. निकालही दिला: दोघायले सोड, जे घरचं हाय त्यानंच वढ. म्हणजे साधे ठोकळे वापर. तो ऐकला असता तर हे पत्र एका परिच्छेदात संपले असते. पण ढवळ्याला आणि पवळ्याला एकदाही न जुंपता बाजारातून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटले. मी दोन्ही चढवले. सात बाया ढवळ्यावर, सात पवळ्यावर. यापेक्षा न्याय्य वाटणी मला अजूनही सुचत नाही.

बुधवारी संध्याकाळी अंगणात सगळ्यांना दाखवले. ढवळ्याचे फोटो चौकोनी येतात, पवळ्याचे गोल, खाली मंद सावली. सत्यभामाकाकू (शेजारच्या, यांची-याडीची चाळीस वर्षांची मैत्री, म्हणजे चाळीस वर्षांचे भांडण) ढवळ्यावर होत्या. “हंसाले गोल काहून अन् मले चौकोन काहून? मले कायले डब्यात टाकलं?” मी वाटणीचे तत्त्व समजावू लागले. तेवढ्यात याडी म्हणाली, “चौकोनात मावली थेच लय झालं.”  मी घाईने अदलाबदल केली. सत्यभामाकाकू गोल झाल्या, याडी चौकोनी झाली, आणि दोघींनाही वाटले की दुसरीचेच बरे होते.

गुरुवारी पवळ्याचा मालक पाच महिन्यांनी गोठ्यात आला. त्याने प्लगिनमध्ये सुधारणा केली, आणि त्या सुधारणेनंतर पवळ्याचे सगळे जुने ठोकळे ढासळले. एडिटरमध्ये सत्यभामाकाकूंच्या नावाच्या जागी एक राखाडी चौकट आणि तीत ‘येथे अनपेक्षित व अवैध मजकूर आहे’ अशी सूचना. काकू शेजारीच बसल्या होत्या. वाच म्हणाल्या, म्हणून वाचले. (काय वाचले आहे हे वाचून झाल्यावर कळले.) अवैध हा शब्द पेपरात नेहमी रेतीच्या आधी येतो. “म्या काय रेतीचा ट्रक हाव?” काकू उठून उभ्या राहिल्या. “सत्तर वर्सं या तांड्यात राहून राह्यली, अन् मी अवैध?” बांनी त्यांना बसवून घेतले आणि माझ्याकडे पाहून फक्त “उधळला” एवढेच म्हणाले.

पवळ्याला काढायचे ठरवले. प्लगिन काढताना एक चौकट विचारते, का सोडताय? पर्याय पाच. ‘यापेक्षा चांगले सापडले’ यावर खूण करणे खोटे झाले असते, ‘आता गरज नाही’ हेही खोटे. मी ‘इतर’ निवडून तीन परिच्छेद लिहिले. त्यांत त्याचे वेगवान पाय, सावलीचे सौंदर्य, आमच्या बाजूच्या चुका, सगळे आले. चौथ्या परिच्छेदाला जागा नव्हती. शुक्रवारी सकाळी त्याचे उत्तर आले. त्याने माझे नाव घेऊन आभार मानले होते आणि लिहिले होते की इतके प्रेमाने मला आजवर कोणी सोडले नाही. भिया, मला शाळेत दोन तास नीट शिकवता आले नाही. शनिवारी दुपारी त्या सात बायांना ढवळ्यावर चढवत होते तरी डोळ्यांपुढे तोच. साडेतीनला चौदावा फोटो चढवला आणि ढवळ्या बसला. पान पांढरे. मागे फिरवले, पांढरे. बंद करून लावले, पांढरे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे मी सातवीला दरवर्षी शिकवते. अर्थ मला या शनिवारी कळला.

चारला याडीचा फोन आला. झालं का, असे तिने विचारले नाही. जेवली का, एवढेच विचारले. त्यानंतर मी पुढच्या पाऊण तासात जे केले ते खाली लिहिते. इथेच लिहिले तर तू पुढचे वाचणार नाहीस. अर्ज पाचला सात मिनिटे असताना गेला, चौदा पुऱ्या नावांसह गेला. तेव्हा काळजी नसावी. वहिनींना मान शेकायला सांग. बांनी तुझ्यासाठी तूर बांधून ठेवली आहे.

तुझी बहीण,
वर्षा

ता. क. मागच्या दिवाळीत शुभेच्छा टाकण्यासाठी तू मला तुझ्या दवाखान्याच्या वेबसाइटचा पासवर्ड दिला होतास. तो बदलायला हवा होतास. चौदाही जणी सध्या तिथे आहेत आणि अर्जात पत्ताही तोच दिला आहे. रूट कॅनालचे पान मी पुसलेले नाही, फक्त झोळ्यांच्या मागे सरकवले आहे. ‘अपॉइंटमेंट घ्या’ हे बटण मात्र मला काढता आले नाही. ते प्रत्येक बाईच्या फोटोखाली आपोआप येते. तुझ्या काउंटरवर कोणी सत्यभामाकाकूंची वेळ मागितली तर गुरुवार सोडून काहीही द्यावी, गुरुवारी त्यांचा उपास असतो. निवड समिती पंचवीस तारखेपर्यंत पान पाहणार आहे, तोवर कशालाही हात लावू नकोस.

आणखी एक. तुझ्या साइटवर कोणते प्लगिन आहे ते मी पाहिले नाही. वय विचारले नाही, अभिप्राय वाचले नाहीत. समोर जे ठोकळे होते ते रचले. त्या दिवशीचे डायरीचे पान कोरे आहे, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही याचेच थोडे अपराधी वाटते.

शेवटचे, आणि खरे तर यासाठीच पत्र. रविवारी याडीला पान दाखवले. तिने स्वतःचे नाव एकेक अक्षर करून वाचले. मग वर पाहिले. वर मोठ्या अक्षरांत ‘डॉ. सुनील राठोड’ आहे. “हे कोनाचं नाव?” भियाचं. “मले त्याच्या खाली कायले टाकलं? मी त्याच्या आधीची हाव का नाई?” तर ते वरचे नाव तू काढून खाली घ्यायचे आहे. मी पुष्कळ खटपट केली. ते ठोकळ्यात नाही, कुठून येते ते सापडत नाही. किती खाली, असे मी याडीला विचारले. तिने बोटाने पान सरकवायला सुरुवात केली. स्वतःला ओलांडले, तेराही जणींना ओलांडले, सत्यभामाकाकूंनाही, आणि अगदी तळाला, जिथे तुझ्या दवाखान्याची रविवारची सुट्टी लिहिली आहे, तिथे बोट टेकवून म्हणाली, “इथं. इथं चालते.”