जाते, पण सही करणार नाही

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

सुकन्याचा नमस्कार. वहिनीला आणि पोरांना आठवण सांगणे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं काही येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस ते वाचतोच. निदान तू तरी वाचशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय. खाली कमलम्मांच्या मागावर दिवसभर टॉवेल विणले जातात, त्या खडखडाटाची आता इतकी सवय झालीय की रविवारी माग बंद असला की चुकल्यासारखं वाटतं. कमलम्मा म्हणजे माझी घरमालकीण. तेलुगूत रागावते आणि मराठीत चहा देते. जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी मी या महिन्याअखेर सोडतेय. आपल्या मेंढरांना लस टोचून घेतलीस का? नसेल तर या आठवड्यात घे, पुढं ढकलू नकोस. आई इथं माझ्याकडं सुखरूप आहे, काळजी नसावी. तिचं पुढं लिहिते.

बातमी तुला बाळाबाई मावळणीकडून कळली असेलच, पण माझ्याकडून ऐक. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं माझं नाव निवडलं. तिथं प्रांतांना स्वतःची माणसं निवडता येतात. ज्या भागात कामाला हात कमी आहेत, तिथं येऊन राहू म्हणणाऱ्यांची नावं प्रांत पुढं त्यांच्या केंद्र सरकारकडं पाठवतो. कायमचा शिक्का तिकडून यायचाय, पण कामाचा परवाना हातात आलाय. एका लहानशा गावाबाहेर मेंढरांचा मोठा फार्म आहे, तिथं मेंढरांची देखभाल करायची. हस तू. धनगराची पोर डिप्लोमा करून, इंग्रजीच्या परीक्षेत एकदा आपटून, विमानात बसून शेवटी मेंढरांतच. मलाही हसू आलं होतं.

निवड सुखासुखी झाली नाही. त्या गावची एक समिती असते, ती व्हिडिओवर मुलाखत घेते. त्यांना भीती एकच, की माणूस त्यांच्या गावाच्या नावावर येतो आणि पहिली थंडी पडली की मोठ्या शहरात पळतो. सात रस्ता चौकातले रामहरी सर, ज्यांच्या ऑफिसातून मी सगळी कागदपत्रं केली, त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं, “आम्ही एका जागी टिकून राहणारी माणसं आहोत, असंच म्हणायचं.” मुलाखतीत एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं घराणं एका ठिकाणी किती वर्षं राहिलंय? आणि मी मोठ्या अभिमानानं सांगून बसले की आम्ही एका ठिकाणी कधी राहिलोच नाही. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन निघायचे, वाटेत लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. मला वाटलं, कष्टाळू घराणं म्हणून पाठ थोपटतील. कॅमेऱ्यामागं बसलेल्या रामहरी सरांनी कपाळाला हात लावला.

बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही इथूनही जाल.

मग मी घोकलेलं सगळं सोडून दिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझे आबा दरवर्षी त्याच वाटेनं आणि त्याच शेतकऱ्यांकडं जायचे. शब्द दिला की मेंढरं तिथंच बसायची, शेजारचा जास्त धान्य देतो म्हणाला तरी. आणि शेवटी घरीच यायचे. फिरणारा माणूस बेभरवशाचा असतो, हे बसून राहणाऱ्यांनी ठरवलंय. बाईंनी ते लिहून घेतलं. रामहरी सर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि मग निवड झाली. आईनं पासपोर्टला भंडारा लावला, तर सर म्हणाले, विमानतळावर पान पिवळं दिसलं तर पंचाईत होईल. आई म्हणाली, “बिरोबाचा हाय, कोन काय करतंय.” पुसला नाही मी.

बरं. त्या बुधवारचं लिहायचं मघापासून टाळतेय.

तू माळशिरसच्या रजिस्टर कचेरीत सिद्रामप्पाला आणि आणखी एका साक्षीदाराला घेऊन बसलास, त्यांना चहावर चहा पाजलास आणि मी आले नाही. एसटी चुकली असा मेसेज मी धाडला होता. एसटी चुकली नव्हती. मी स्टँडवर गेलेच नाही.

हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही, दादा. आबांच्या मागं रस्त्याकडेच्या जमिनीच्या त्या तुकड्याला तुझं, आईचं आणि माझं नाव लागलंय. ते तसंच राहील.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. “पोरगी साता समुद्रापार चालली, तिला हितं जमीन कशाला पायजे? तितं बसून उंटावरनं शेळ्या हाकनार हाय का?” हे तू चावडीपासून मावळणीच्या ओट्यापर्यंत सगळीकडं बोललास. गावातल्या सगळ्या बहिणी साडीचोळी घेऊन सह्या करतात, म्हणे. करत असतील. या भाऊबीजेला मी ओवाळून ताट खाली ठेवायच्या आत तू कचेरीची तारीख सांगितलीस. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण पोरं आजूबाजूला होती, वहिनीनं करंज्या पुढं केल्या आणि मी करंजीबरोबर गिळलं. तुला ते होकारासारखं दिसलं असेल. होकार नव्हता तो.

तुकडा तुला का हवाय, तेही मला ठाऊक आहे. रस्ता रुंद झाल्यापासून हॉटेलवाला मागं लागलाय. तुझा वाटा वेगळा करून घे आणि खुशाल वीक, माझं काही म्हणणं नाही. पण आईचं खोपट आणि मेंढरांचा वाडा त्याच तुकड्यात आहे. मेंढरं विकू आणि आईला आपल्या घरात ठेवू, असं तू म्हणतोस. वहिनी वाईट नाही. तरी तिथं आईला चहा हवा असला तर कुणीतरी करायची वाट बघावी लागेल. तिला तिच्या चुलीपुढं राहायचंय.

आणि मला एक सांग. आबा वर्षातला निम्म्याहून जास्त काळ वाटेवर असायचे. त्यांना कधी कुणी म्हणालं का, की सिद्धनाथ, तू गावात नसतोस, जमिनीवरचं नाव काढ? तू पुण्याला कंपनीत होतास, दिवाळीलाच तेवढा यायचास, तेव्हा तुझं नाव कुणी खोडलं? पुरुष गेला तर पोटासाठी गेला आणि बाई गेली की ती गेलीच, असं का? मॅनिटोबाला मी राहीन असं लिहून दिलंय आणि मी राहणार आहे. पण तिथं येण्यासाठी घरावरचा हक्क सोडून या, असं त्या परक्या लोकांनीसुद्धा म्हटलं नाही. ते माझ्या भावानं म्हटलं.

याचा राग आहे मला. त्याहून जास्त वाईट वाटतं. लहानपणी वाटेवर मला चालवेनासं झालं की घोड्यावर कोकरांच्या शेजारी माझी जागा तूच करायचास, आणि मी पडू नये म्हणून घोड्याच्या बाजूनं चालत राहायचास. तोच तू कचेरीत माझ्या नावावर काट मारायला बसला होतास. हे मला अजून पटत नाही.

आता आईचं. तू समजतोयस की ती डोळे दाखवायला सोलापूरला आली, म्हणून कचेरीत पोचली नाही. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी तिला बोलावलंही नव्हतं. बुधवारी दुपारी ती एकटीच दारात उभी होती, पिशवीत भाकरी आणि चटणी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीनं इतक्या लांब आली. मी घाबरले.

“आई, तू हितं कशी? आज तर माळशिरसला जायचं हुतं.”

“म्हनूनच हितं आले की. घरी असते तर त्यानं हाताला धरून न्हेलं असतं. पोटचा हाय, तोंडावर न्हाई म्हनवलं नसतं.”

“मी तर सही करणार नाय, आई.”

“नगंच करूस. आन तू केली असतीस तरी म्या अंगटा लावनार नव्हते.”

म्हणजे दादा, तू दोन बायकांची वाट बघत होतास आणि दोघींनी एकमेकींना न विचारता तुला नकार दिला. सुकन्यानं म्हातारीला फितवलं, असं गावभर सांगत असशील तर आधी म्हातारीला विचार.

रविवारी मी तिला घेऊन गावी येतेय. दोन दिवस राहीन आणि मग निघेन. स्टँडवर यावंसं वाटलं तर ये. भांड माझ्याशी, पोटभर भांड, मी ऐकून घेईन आणि उत्तरही देईन. फक्त कागद आणू नकोस. पुढं दरवर्षी येणं जमेल असं नाही. पण येईन तेव्हा पाहुणी म्हणून तुझ्या दारात उतरणार नाही, आईच्या खोपटात उतरेन, माझ्या हिश्श्यातल्या.

मेंढरांच्या लसीचं तेवढं विसरू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
सुकन्या सिद्धनाथ रुपनवर

ता. क. खाली निळा ठसा आहे तो आईचा. पत्र सगळं वाचून दाखवल्यावर तिनंच दवाखान्यातलं शाईचं पॅड मागून घेतलं. तुला तिचा अंगठा हवा होता ना? हा घे.