सरळ केसांचा रविवार

प्रिय पवित्रा,

तू फोन उचलत नाहीस, आणि एवढं सगळं मोबाइलवर लिहायला माझा अंगठा तयार नाही. निपाणीला सातवीपर्यंत तू मराठी शाळेत होतीस असं शंतनु म्हणाला होता, तेव्हा माझं अक्षर सोडलं तर वाचायला अडचण पडू नये. त्याला न सांगताच लिहिते आहे. मागच्या रविवारी तू आमच्या यशवंतपूरच्या घरी पहिल्यांदा आलीस आणि न जेवता गेलीस. त्या दिवसातला तू न पाहिलेला भाग तुला सांगायचा आहे.

सगळं सुरू झालं तुझ्या फोटोपासून. शंतनुने मोबाइल माझ्यापुढे धरला. तुझे केस खांद्यावरून असे उतरले होते, जणू कुणी पट्टी धरून आखलेत. मला आनंद झाला, आणि मग मी आरशात पाहिलं. पवित्रा, माझे केस जन्मापासून कुरळे आहेत. जाहिरातीतले वळणदार नव्हेत. फणी एकदा आत शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही, असे. शाळेत मुली मला काथ्या म्हणायच्या. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी आईला विचारलं होतं, मुलगी खिडकीजवळ बसून आली का. मी ते सगळं हसण्यावारी नेलं, पण सून एवढी नीटनेटकी आणि सासू वादळातून आल्यासारखी, हे काही मनाला पटेना.

म्हणून चिकपेटेत जाऊन स्ट्रेटनर आणायचं ठरवलं. गिरीराज नावाच्या दुकानदाराने सर्वांत चकचकीत सोनेरी डबा पुढे केला. त्यात उष्णता एकच, चालू नाहीतर बंद. मी म्हटलं, कपड्यांच्या इस्त्रीलासुद्धा सुती-रेशमी वेगळं असतं, मग डोक्याला नको का? तो म्हणाला, "मॅडम, स्वल्प ॲडजस्ट करा." मी केलं नाही. उष्णता कमीजास्त करता येणारं, सिरॅमिकच्या अरुंद पट्ट्यांचं घेऊन आले.

घरी आल्यावर ते शंतनुच्या बाबांनी ताब्यात घेतलं. त्यांचा जन्म सरकारी कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यापासून तपासायला काही मिळत नाही. ते माहितीपत्रक शोधत होते तेवढ्यात मी ओल्या केसांवरच एकदा फिरवून पाहिलं. चर्र असा आवाज झाला, वाफेचा लोट निघाला, आणि यांनी धावत जाऊन घराचं मेन स्विच बंद केलं. मग मोठ्याने वाचन झालं: केस पूर्ण कोरडे हवेत, आधी उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारायचा, थोडी थोडी बट घ्यायची, एका जागी थांबायचं नाही. सर्वांत जास्त आकड्यावर लावायचं नाही हेही वाचलं, पण तो कमी आकडा कोणता ते ठरेना. शेवटी यांनी स्वयंपाकघरातून नारळ आणला आणि त्याच्या शेंडीवर चाचणी घेतली. मला राग आला होता, पण शेंडी सरळ झाली.

रविवारी पहाटेपासून आम्ही दोघं भिडलो. मागचे केस यांच्याकडे, पुढचे माझ्याकडे. चिमटे संपल्यावर यांनी वाळत घातलेल्या कपड्यांचे आणले. कान एकदाच भाजला. झाल्यावर माझी मलाच ओळख पटेना. शंतनु नाश्त्याला आला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आई, चष्मा बदललास का?"

मग तू आलीस. फोटोतल्यासारखीच, एक केस इकडचा तिकडे नाही. मी मान ताठ ठेवून वावरत होते. मी नको म्हणत असतानाही तू स्वयंपाकघरात मदतीला आलीस आणि इडलीपात्राचं झाकण उघडलंस. वाफ वर आली. तुझ्या कानामागची एक बट हलली, आक्रसली, आणि स्प्रिंगसारखी टुणकन वर उभी राहिली. पाठोपाठ दुसरी. त्या बटा मी ओळखल्या, पवित्रा. त्या माझ्या होत्या. आणि मला हसू फुटलं.

ते माझ्या हातातलं नव्हतं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. तू बटा दाबून धरल्यास, झाकण खाली ठेवलंस, "सरी, ठीक आहे काकू, निघते मी," म्हणालीस आणि चपला घातल्यास. मी लिफ्टपर्यंत तुझ्या मागे आले, सांगायला की माझेही तसेच आहेत, पण तोंडातून शब्दाच्या जागी हसूच येत होतं. तुझे भरलेले डोळे मला दिसले तेव्हा लिफ्टचं दार बंद होत होतं. आत येऊन शंतनुला विचारलं, तिचे केस कुरळे आहेत हे तू सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठे? आणि दोघींचे सारखेच तर आहेत, त्यात सांगायचं काय?" त्या दिवशी तुझ्या वाट्याच्या इडल्या त्याला मी खायला लावल्या.

काल तुझ्या वडिलांचा निपाणीहून फोन आला. अतिशय सभ्यपणे बोलले. मुलीची इच्छा राहिली नाही, ज्या घरात पहिल्या दिवशी हसतात तिथे ती कशी राहील, तेव्हा इथेच थांबू या, म्हणाले. उत्तर त्यांना नव्हे, तुला द्यायचं होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. लग्नाचं तू आणि शंतनु बघा. तू नाही म्हणालीस तरी मी तुला दोष देणार नाही. पण मी तुला हसले असं मनात धरून तू जाऊ नयेस. येत्या रविवारी सकाळी मी डोक्यावरून अंघोळ करून, केसांना काहीही न लावता, मोकळे सोडून निघणार आहे. मेट्रोने, मग ऑटोने, सगळ्या बेंगळुरूच्या देखत, कोरमंगल्याला तुझ्या पीजीच्या दारात. तोवर ते वाळून काय झालेले असतील याची तुला कल्पना आहे. दार उघड, मला बघ, आणि हसू आलं तर पोटभर हास. आवरलं नाही तरी मी थांबेन.

अजून तुझी कुणी नसलेली, तरी तुझीच,
नीला