डबा की कॉम्प्युटर?

४ नोव्हेंबर, मंगळवार
आता काच कापायचा कटरही गेला! गेल्या आठवड्यात मोजपट्टी, त्याआधी हातोडी. फोटो फ्रेमच्या दुकानात चोरण्यासारखं असतं तरी काय? पण ह्यांनी निकाल देऊनही टाकला — "कारागीरच चोर. पुरावा मिळू दे, त्याच दिवशी हाकलतो." इतकी वर्षं आहे बिचारा आमच्याकडे, खिळासुद्धा विचारून घेतो. मला नाही पटत. जेवताना भांडण. जेवण गार.

५ नोव्हेंबर
कॅमेरे लावायचं ठरलं. चित्रण साठवायचं कशात, यावरून रणकंदन! कॅमेरेवाला म्हणतो, "काकू, वेगळा रेकॉर्डर घ्या. हा एवढासा डबा. त्याला दुसरं कामच नाही. एकदा लावला की बघायला नको." जावई फोनवर म्हणतात, "डबा कसला घेताय! माझा जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्यात कॅमेरे जोडायचं कार्ड बसवतो, पाहिजे तेवढं साठवा." जावयांना सगळं येतं. फक्त वेळेवर येता येत नाही.

ह्यांना जावयांचं पटलं. फुकट म्हटलं की ह्यांना काहीही पटतं.

८ नोव्हेंबर
जावई दिवसभर काउंटरखाली पालथे. संध्याकाळी एकदाचा कॉम्प्युटर लागला. घरघर एवढी की गिऱ्हाईक ओरडून बोलतंय. ह्यांनी लगेच त्यावर पत्ते मांडले. म्हटलं, "आणि चोर आला तर?" म्हणे, "हा डाव संपला की बघतो."

११ नोव्हेंबर
मोठी कात्री गायब! चित्रण बघायला गेलो, तर सकाळपासून काहीच नाही! कॉम्प्युटर म्हणे आपण होऊन अपडेट झाला, बंद पडला, परत सुरू झाला — रेकॉर्डिंग मात्र सुरू झालंच नाही. जावई म्हणाले, "एक सेटिंग राहिलं." नेमकं तेच कसं राहतं!

कारागीर सगळं ऐकत होता. जाताना म्हणाला, "वहिनी, माझी पिशवी बघून घ्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीला हात लावला नाही.

१२ नोव्हेंबर
डबा आणला. माझ्या हुकमाने! ना पत्ते, ना अपडेट. जावई रुसलेत. रुसू देत.

१५ नोव्हेंबर
काही गेलं नाही. "चोर घाबरला," असं हे म्हणतात. कारागिराकडे बघून, मोठ्याने. जीभ आहे की करवत!

१९ नोव्हेंबर
नवा कटर गेला. आज गिऱ्हाइकांची रीघ, म्हणून चित्रण उद्या बघायचं. हे खुशीत. "उद्या तुझ्या लाडक्याचा हिशेब." खरंच तो निघाला तर? त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?

२० नोव्हेंबर
बघितलं. ह्यांनी कारागिराला मुद्दाम शेजारी उभं केलं होतं. चित्र अगदी स्वच्छ. दुकानात एकटे हे. कटर उचलला, फडक्यात गुंडाळला, काचांच्या पेटीमागे सारला.

हे टाळी वाजवून ओरडले, "सापडला! पण कोण गं हा म्हातारा?"

कारागीर खाली बघत राहिला. मी म्हटलं, "ओळखीचा आहे. जाऊ द्या."