कागदाच्या काडीचा वास

८ नोव्हें., शनिवार
काल इथे लिहिलं की भगवानकाकांचा दात खराब सिमेंटमुळे निघाला. चूक. सिमेंट चांगलं आहे. कालचं खोडत नाही, पण खरं हे.

त्याच ट्यूबमधलं सकाळी काचेवर घालून पाहिलं. थोड्या वेळात दगड. नख रुतेना. आणि मी काल उल्हासनगरला, दाताचं सामान पुरवणाऱ्या ल.भाईंना फोनवर काय काय बोलले! आई माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याकडून माल घेते. ते एवढंच म्हणाले होते, "बेटा, यही माल पूरे उल्हासनगर में गया है. सबके दांत गिरे क्या?" आज माफी मागितली. "अरे छोड. मम्मी ठीक है ना?"

मग बिघडलं काय? काका खरवईचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वरचा पुढचा दात. रूट कॅनॉल झाल्यावर आईनेच दिवाळीआधी मुळात फायबर पोस्ट, म्हणजे आधाराची बारीक खुंटी, चिकटवली, वर कॅप. परवा एका हळदीत वाजवताना पोस्टसकट सगळं बाहेर. "नवरा नाचतोय, पोरं ओरडतायत वाजवा, वाजवा! आणि माझा दात क्लॅरिनेटला चिकटून!" रुमाल तोंडाशी धरून हसत होते. मला हसू आलं नाही. पोस्टवरचं सिमेंट अजून चिकट होतं. इतक्या दिवसांनी. भिजलेल्या गोंदासारखं.

९ नोव्हें., रविवार
ती पोस्ट डबीत ठेवली होती. आज उघडून वास घेतला. लवंग.

दोन भेटींच्या मध्ये आई दातात लवंगतेलात कालवलेलं तात्पुरतं सिमेंट भरते. त्या तेलाचा अंश मुळात राहिला तर पोस्टचं सिमेंट नीट धरत नाही. हे मला कॉलेजात नाही, आईने शिकवलं. शाळेतून आले की तिच्या खुर्चीमागच्या स्टुलावर बसायचे. स्पिरिटने धू, कागदाची काडी मुळात घाल, काढ, नाकाशी धर. लवंग आली तर पुन्हा धू. "वास जात नाही तोवर पोस्टला हात लावायचा नाही, कळलं?"

आई हे विसरणं शक्य नाही. मग घाई झाली असेल. आईला? घाई?

१० नोव्हें., सोमवार
मी नोकरी करते त्या बदलापूरच्या क्लिनिकला आज गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं (खोटं) आणि आईच्याच दवाखान्यात थांबले.

पालेगावच्या एक बाई, दाढेत पोस्ट बसवायची. आईने धुतलं, काडी घातली, काढली, मास्क खाली करून नाकाशी धरली. "स्वच्छ."

मी पेशंटच्या डोक्यामागे उभी. मला तिथे, मास्कमधून लवंग येत होती.

"आई, मी एकदा धुऊ?"
"धुतलंय गं."
"एकदाच."
"हिची परीक्षा अजून संपलेली नाही बघा," आई त्या बाईंना म्हणाली. बाई तोंड उघडं ठेवूनच हसल्या.

वास जाईपर्यंत धुतलं. तिने काडी टाळली नव्हती. नाकाशी धरली होती. नीट, नेहमीसारखी.

११ नोव्हें., मंगळवार
दुपारी माझ्या कोपराने लवंगतेलाची बाटली कलंडली. मुद्दाम नाही. खरंच नाही. आतल्या खोलीभर तेल, माझ्या डोळ्यांना पाणी. आई पाठमोरी जेवत होती. जेवतच राहिली.

आमच्या मदतनीस शोभामावशी दारातूनच, "अगं बया! पानाची टपरी टाकली का काय इथं?"

आईने वर पाहिलं. आधी मावशीच्या तोंडाकडे, मग माझ्या. मग नाक मुरडलं. "हो ना, केवढा वास!"

आमचे चेहरे बघून. आमचे चेहरे बघून म्हणाली ती.

पुढे लिहवत नाही.

१२ नोव्हें., बुधवार
सगळं मागे मागे आठवतंय. "दूध नासलंय का बघ गं." "ही भाजी कालची, तू हुंगून सांग." मला वाटायचं, मला स्वयंपाकघराची सवय लावतेय.

बाबांना विचारलं. कोविडमध्ये तिचा वास गेला होता, तेव्हा मी हॉस्टेलवर. बाबा पेपरातून मान वर न काढता, "परत आला म्हणाली होती."
"आला का?"
"म्हणाली ना."
मग पेपर घडी करून ठेवला. म्हणजे माहीत आहे. "तू आहेस की तिथे. तू वास घे, ती बसवेल. तिला कशाला बोलायचं? तीस वर्षं हात बसलाय तिचा."

क्षणभर पटलं. पटलं याचीच भीती वाटते. मी बदलापूरला असते त्या दिवशी कोण वास घेणार? आणि मी शिकत होते त्या वर्षांत तिने बसवलेल्या पोस्ट? किती जण तसेच खातायत, हसतायत?

मला वाटत होतं तिला कळलेलंच नाही. पण वास येत नाही हे माणसाला कसं कळणार नाही? मग ती काडी नाकाशी धरते ती कोणासाठी? माझ्यासाठी. मी तिच्यामागे स्टुलावर बसलेली असते म्हणून.

१३ नोव्हें., गुरुवार
काकांचा फोन. शनिवारी सकाळी येतायत, संध्याकाळी बदलापुरात लग्न. "लहान डॉक्टर, राग नका मानू. मॅडमच बसवतील ना? पोट आहे हो त्या दातावर."

आईने फोन घेतला. "मीच बसवते, भगवानभाऊ. बिनधास्त वाजवा."

ठेवल्यावर म्हणाली, "काय झालंय तुला? माझ्याकडे बघतही नाहीस."
"काही नाही."
"वेळेवर झोपत जा." मग मावशीने दिलेल्या चहाचा घोट घेऊन, "वा, आज वेलची मस्त पडलीय."

वेलची संपलीय. मीच मावशीला उद्या आणायला सांगितलीय.

मी म्हटलं, "हो." मीही म्हटलं, हो.

शनिवारपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा काका खुर्चीत असतील, त्यांच्यासमोर नको. मावशी येण्याआधी, दवाखान्यात, दोघीच असताना. बाटली पुढे करायची नाही, काडी नाही. तिची परीक्षा मी घेणार नाही. समोर बसून विचारणार, आई, तुला वास येतो का? माझ्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. तिथून ती उत्तर वाचेल.

आणि हो म्हणाली तर? माहीत नाही.

उद्या. शुक्रवार, १४ नोव्हेंबर.